एका डोळ्याची लेन्स

चाळिशी ओलांडली की स्कूटरच्या परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. त्यासाठी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि दवाखाना रिकामा होता. गर्दी असती तर रक्तदाब बघून सही केली असती, असं त्यांनीच नंतर सांगितलं. वेळ होता म्हणून त्यांनी मला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं आणि माझ्या डोळ्यासमोर स्वतःच्या हाताने एक पुठ्ठा धरला. डावा डोळा झाकलेला असताना मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यांनी पुठ्ठा उजवीकडे नेला.

"वाचा."

"दोन्ही डोळे झाकले गेलेत बहुतेक."

"नाही. एकच झाकलाय."

तक्ता समोर होता, त्याचा पांढरेपणाही कळत होता. त्यावर सगळ्यात वर काहीतरी काळं होतं. ते अक्षर आहे हे मला ठाऊक होतं, कारण मिनिटभरापूर्वी मी ते वाचलं होतं.

डॉक्टरांनी पुठ्ठा खाली ठेवला. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. दाखला मग देतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, त्यामुळे मलाही ती वाटली नाही. घरी येताना एका सिग्नलला थांबले तेव्हा मी उजवा डोळा मिटून पाहिला. समोरचा टेम्पो एक निळा ठिपका झाला. तो उघडला तसा टेम्पो परत आला.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम करते. जमिनी मोजायच्या, हद्दी कायम करून द्यायच्या. नोकरीला लागले तेव्हा दुर्बिणीच्या यंत्रावर काम चालायचं. दुर्बिणीला एकच डोळा लावतात. मी उजवा लावायचे, डावा मिटायचे. कुणी डावखुरा असतो तसं हे आहे, एवढंच मी समजत होते. आता उपग्रहावर चालणारं यंत्र आलंय, काठी रोवून उभं राहिलं की झालं. नोकरीला लागताना माझे डोळे तपासले होते. शाळेतही तपासले असतील. तेव्हा मीच आपल्या तळव्याने उजवा डोळा झाकला असणार आणि बोटांच्या फटीतून वाचलं असणार. जाणूनबुजून नक्कीच नाही. जिथून दिसतं तिथून माणूस बघतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात मला पहिल्यांदा एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगितलं. आत एक रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा. उजव्या डोळ्याला तो धूसर झाला, मग लगेच स्पष्ट झाला. डाव्या डोळ्याला फुगा नव्हताच, नुसता रंग होता. यंत्र बराच वेळ आवाज करत राहिलं.

तपासणी करणारी मुलगी पंचविशीतली, कोल्हापूरकडची होती. तिचं बोलणं ऐकून कळत होतं. "बसा की निवांत," ती म्हणाली आणि माझ्या नाकावर एक जड गोल चौकट चढवली. डाव्या बाजूला ती एकेक काच घालत गेली, काढत गेली. "हे बरं का मगाचं?" प्रत्येक काचेला ती हेच विचारायची. एका काचेला वरचं अक्षर दिसलं. आणखी काही काचांनंतर चौथ्या ओळीतली दोन अक्षरं मी वाचली आणि तिसरं चुकवलं. त्यापुढे तिने काहीही घातलं तरी चौथी ओळ हलली नाही.

मग डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रकाश टाकून डोळ्याचा मागचा पडदा पाहिला. तो चांगला होता. त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. उजव्या डोळ्याला जवळजवळ नंबर नाही. डाव्याला उणे साडेसात.

"हा नंबर लहानपणापासूनचा आहे," त्या म्हणाल्या. "एका डोळ्याला स्वच्छ दिसत होतं, मेंदूने त्याचं घेतलं आणि दुसऱ्याचं सोडून दिलं. याला आळशी डोळा म्हणतात. डोळा आळशी नसतो, पण नाव पडलंय. तुम्हाला अंतराचा अंदाज चुकतो का? पायरी, चहा ओतणं, सुईत दोरा?"

चहा मी नेहमी कपाला किटली टेकवून ओतते. घरात त्यावरून हसतात. बांधावरून उतरताना मी आधी पाय खाली चाचपते, ते साडीमुळे असं मला वाटायचं. साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले त्याला पंधरा वर्षं झाली होती.

"चष्म्याने होईल?"

"एका बाजूला साधी काच आणि एका बाजूला साडेसातची, असा चष्मा तुम्हाला सोसणार नाही. दोन डोळ्यांना वस्तू दोन मापांच्या दिसतील. त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स बसवता येईल, ती बुबुळावरच बसते म्हणून मापातला फरक कमी पडतो. पण किती फायदा होईल ते या वयात मी सांगू शकत नाही. थोडा होईल. कदाचित नाहीही होणार. सक्ती नाही, इतकी वर्षं चाललंच आहे तुमचं."

त्यांनी दाखल्यासाठी पत्र दिलं. लेन्सचं विचार करून कळवते म्हणून मी बाहेर पडले. दुपारच्या उन्हात डोळे उघडवत नव्हते, स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले. नवरा शाळेत शिक्षक आहे, तो संध्याकाळी आला. सगळं ऐकून त्याने विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं तू मला एका डोळ्यानेच बघतेयस?" मी हो म्हटलं. "मग राहू दे," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने स्वतःचा एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचून पाहिली.

त्या रविवारी मी आईकडे गेले. आई पावसजवळच्या आमच्या गावी एकटी राहते. वडील मुंबईला गोदीत होते. निवृत्त होऊन आले आणि थोड्याच वर्षांत गेले. आई आंब्याच्या दिवसांत एका बागायतदाराकडे फळं निवडायला जाते, एरवी घरचं बघते. मी पोचले तेव्हा ती मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं, गंमत म्हणूनच सांगत होते.

आईचा हात थांबला नाही. "म्हायती होता मला," ती म्हणाली.

"काय माहिती होतं?"

"तुजा डोळा. तिसरीत होतीस. शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, पोर दमली की हिचा एक डोळा बाजूला जातो, रत्नागिरीला दाखवून आणा. म्या नेली तुला एसटीने. सरकारी दवाखान्यात. त्यांनी चष्मा लिहून दिला आणि सांगितला, चांगला डोळा बांधून ठेवा दिवसाचे चार-पाच तास. वर्षभर."

"मग?"

"मग बांधला. फडक्याची पट्टी केली होती. चष्मा करायचा राहिलाच."

हे ऐकताना मला अंगण आठवलं. आईने माझ्या डोळ्यावर फडकं बांधलंय आणि मी दोन्ही हात पुढे करून पडवीच्या खांबापर्यंत चालतेय, आई म्हणतेय इकडे, इकडे. हा माझ्या लहानपणीचा एक खेळ म्हणून मला आठवत होता. आई माझ्याशी खेळल्याच्या ज्या थोड्या आठवणी आहेत त्यांतली ती एक.

"किती दिवस बांधलंस?"

"आठेक दिवस. तुला काय दिसायचा नाय. खांबाला आपटलीस, कपाळाला टेंगूळ आला. शाळेत पोरा काणी म्हणायला लागली. रोज रडायचीस. तुजी आजी म्हणायची, धड पोरीला आंधळी करतेय. तुजे बाबा मुंबैत, यायचे गणपतीला नायतर मे महिन्यात. विचारू कोणाला? मला नाय बघवला. काढून टाकली." तिने बांगड्यांवर पाणी ओतलं. "दुसऱ्या डोळ्याने वाचत होतीस. पयला नंबर यायचा तुजा. म्हटला, चाललाय ना."

इतक्या वर्षांनी दोघींनी एकच वाक्य वापरलं, डॉक्टरीणबाईंनी आणि हिने. चाललंय ना.

मी जेवले. बांगड्याचं कालवण चांगलं झालं होतं. चारच्या गाडीने परत आले. गाडीत बसल्यावर मला राग आला. तो पट्टी काढल्याचा नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला रडताना बघून आईने पट्टी काढली, ते मला समजत होतं. पण त्यानंतर मी बारावी झाले, पदविका घेतली, मोजणीच्या नोकरीला लागले, त्या एवढ्या काळात कधीतरी भाकरी थापताना ती हे सांगू शकली असती. मी पुढच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्याही. फोन केला, तब्येतीचं विचारलं, कामाचं सांगितलं.

लेन्स बसवून घ्यायचं मी त्या आठवड्यात ठरवलं. रागाचा त्याच्याशी संबंध होता की नाही, मला सांगता येणार नाही.

कोल्हापूरकडच्या मुलीने बुबुळाची गोलाई मोजली, आणि नमुन्याची एक लेन्स स्वतःच्या बोटाने माझ्या डाव्या डोळ्यात ठेवली. क्षणभर गार लागलं, पाणी आलं, मग काहीच नाही. वीस मिनिटं बसवून ती नीट बसलीय का, पापणी मिटली की जागच्या जागी हलते का, हे तिने यंत्रातून पाहिलं. समाधान झाल्यावर तिने ती काढून घेतली आणि माझ्या मापाची मागवली. आठवड्याने मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले.

"आता तुमची तुम्ही घालायची," तिने सांगितलं. "तीनदा घालून तीनदा काढून दाखवल्याशिवाय घरी नेऊ देणार नाही. आमचा नियमच हाय तसा."

टेबलावर आरसा ठेवला होता. साध्या साबणाने हात धुवायचे, धागे सुटणार नाहीत अशा कागदाने कोरडे करायचे. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन बाजूने बघायची. कडा सरळ वर गेलेल्या असतील, वाटीसारख्या, तर बरोबर. बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर ती उलटी आहे. मग एका हाताने वरची पापणी धरायची, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची आणि लेन्स टेकवायची.

मला ते जमेना. बोट जवळ आलं की पापणी सुटायची आणि मिटायची. लेन्स गालावर पडली, टेबलावर पडली, एकदा ड्रेसच्या ओढणीत सापडली. प्रत्येक वेळी ती मुलगी ती द्रावणात धुऊन परत माझ्या बोटावर ठेवायची. पाऊण तास झाल्यावर मी म्हटलं, "माझं चुकतंय काय?"

"काही चुकत नाही. बोट दिसलं की मिटायचं हे डोळ्याचं कामच हाय. त्याला थोडं समजावून सांगावं लागतं." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आज राहू दे. डोळा लाल झालाय. घरी लेन्सशिवाय नुसतं बोट लावायची सवय करा. पांढऱ्या भागाला, हळू."

घरी मी आठ दिवस आरशासमोर उभी राहून डोळ्याला बोट लावलं. नवऱ्याने एकदा ते पाहिलं आणि दुसऱ्या खोलीत गेला. दुसऱ्या बैठकीला लेन्स चौथ्या प्रयत्नात गेली. काढताना ती दोन बोटांच्या चिमटीत यायला वेळ लागला. आपण बुबुळच ओढतोय असं वाटायचं. तिसऱ्यांदा काढून दाखवली तेव्हा मुलीने एक डबी दिली, दोन खणांची, झाकणांवर डावं-उजवं लिहिलेली. माझा उजवा खण कोराच राहणार होता. तिने नियम सांगितले. झोपताना घालायची नाही, साधं पाणी लावायचं नाही, रोज द्रावण बदलायचं, महिना झाला की टाकून नवी घ्यायची. डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला की लगेच काढायची आणि दवाखान्यात यायचं. पहिल्या दिवशी दोनच तास.

त्या दोन तासांचं फार काही चांगलं सांगण्यासारखं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला एक फिकट जोडपायरी दिसत होती. फरशी वर आल्यासारखी वाटत होती. मी कठडा धरून उतरले, खाली बाकावर बसले आणि मला मळमळलं. समोरून माणसं जात होती आणि त्यांच्या कडेने दुसरी पुसट माणसं सरकत होती. उजवा डोळा मिटून पाहिला. रस्त्यापलीकडे उभ्या टेम्पोवरचा नंबर वाचता आला नाही, पण तो टेम्पो होता, चाकं होती, मागे दोन माणसं बसली होती. डाव्या डोळ्याने मी मोठेपणी पहिल्यांदा रस्ता बघत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, मळमळ जास्त होती.

दोनाचे तीन, तिनाचे पाच तास झाले. महिन्याभरात जोडचित्रं मिटत गेली. दमले की परत यायची.

कामावर मात्र ती चालली नाही. एका चिरेखाणीच्या लगतच्या जमिनीची मोजणी होती. वारा सुटला, जांभ्याची लाल धूळ डोळ्यात गेली आणि लेन्सच्या खाली अडकली. इतकं खुपायला लागलं की मला डोळा उघडेना. हात लाल मातीने भरलेले. अर्जदाराने तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि पाणी लावायचं नाही म्हणून मी ते नको म्हटलं. मग माझ्याच पिशवीतल्या द्रावणाने हात धुऊन मी लेन्स काढली. ती फाटली होती. पुढचे चार दिवस थेंब घातले. तेव्हापासून मोजणीच्या दिवशी लेन्स नाही, कार्यालयात आणि घरी असेन तेव्हा आहे, असं मी ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंना ते फारसं पसंत नव्हतं, रोज घातली तर डोळ्याला सवय होते म्हणाल्या. पण धूळ त्यांनाही मान्य होती.

चार महिन्यांनी त्यांनी पुन्हा तपासलं. चौथी ओळ आता पूर्ण वाचता आली, पाचवीतलं एक अक्षर. मग अंतराचा अंदाज येतो का हे बघायला एक पुस्तक पुढे ठेवलं, त्यावर मोठ्या माशीचं चित्र होतं. खास चष्मा घालून तिचे पंख चिमटीत धरायला सांगितलं. माझी बोटं कागदाच्या किंचित वर थांबली. पंख मला तिथे, वर, दिसत होते. "बरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. चहा मी अजूनही किटली टेकवूनच ओतते.

मधल्या काळात मी आईकडे परत जायला लागले होते. काही बोलणं झालं नाही, एका रविवारी उठले आणि गेले. ती पौर्णिमा होती म्हणून दोघी विहारात गेलो. आई तिथे बायकांना वंदना सांगते. पूर्वी तिच्या हातात पुस्तक असायचं. आता नव्हतं, सगळं पाठ म्हणत होती. मी तिचं कौतुक केलं तेव्हा ती म्हणाली, "पाठ न करून काय करू? अक्षर लागत नाय. आंब्यावरचा डागसुद्धा दिसंना झालाय. औंदा दोनदा माझी पेटी परत उघडायला लावली त्यांनी."

मी तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. अडुसष्ट वर्षांत तिचे डोळे कधी कुणी तपासले नव्हते. त्याच मुलीने तिला त्याच खुर्चीवर बसवलं आणि "बसा की मावशी" म्हणाली. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेबद्दल सांगत होत्या आणि आई मान हलवत होती. त्यांचं संपल्यावर तिने विचारलं,

"हिला लहानपणी पट्टी बांधायला सांगितली होती. मी काढली. तेव्हा बांधली असती तर डोळा चांगला झाला असता?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बहुधा झाला असता," त्या म्हणाल्या. "बऱ्याच मुलांचा होतो. खात्री कुणी देऊ शकत नाही."

"बरा," आई म्हणाली. तिला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं, असा तिचा चेहरा होता.

तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, म्हणून संध्याकाळ होईपर्यंत आम्ही माझ्या घरी थांबलो. ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती, माझा काळा चष्मा लावून. मी चहा घेऊन गेले.

"तुला राग आला होता," ती म्हणाली.

"आला होता."

"तीन रविवार आली नाय तू."

"दोन असतील."

"तीन," आई म्हणाली आणि चहा घेतला. "मी पट्टी काढली त्याच्या नंतर तू कशी झोपलीस म्हायती हाय? सगळा दिवस झोपलीस. मला तेवढाच आठवतो."

मी तिच्या शेजारी बसले. पट्टीबद्दल त्यानंतर आम्ही बोललो नाही, आणि बोलायचं राहिलं आहे असंही मला वाटत नाही.

आंब्याचा हंगाम संपल्यावर तिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर ती माझ्याकडे होती, दिवसातून चार वेळा मी थेंब घालायचे. तिला डोळा उघडा ठेवणं माझ्यापेक्षा सोपं गेलं. उजव्याची तारीख थंडीत घ्यायची आहे. मी आठवड्यातले तीन-चार दिवस लेन्स घालते. सकाळी आरशासमोर आता अर्धं मिनिटही लागत नाही.